विमानाला पल्सजेट: जमतं कुठे, अडतं कुठे?

वातचक्र (धागाकर्ता)

पल्सजेट म्हणजे एकामागून एक होणाऱ्या स्फोटांच्या धक्क्यांवर चालणारं जेट इंजिन. त्यात फिरणारा एकही भाग नाही. पुढे पातळ पोलादी पाकळ्यांची झडप, तिच्यामागे ज्वलनकक्ष, त्यामागे लांब टेलपाइप, संपलं. कॉम्प्रेसर नाही, बेअरिंग नाही, वंगण नाही. एकदा चालू झालं की ठिणगीही लागत नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ या उडत्या बॉम्बनंतर हे इंजिन आकाशात कडेकडेनेच वावरलं: लक्ष्य-ड्रोन (नेमबाजीच्या सरावासाठीची), दोन-चार प्रायोगिक हेलिकॉप्टरं आणि हौशी मॉडेलं.

माझं मत आधीच मांडतो. सगळे दोष झडपेच्या माथी मारले जातात, पण मूळ अडचण दाबाची आहे. ज्वलनाआधी हवा जवळजवळ दाबलीच जात नाही, त्यामुळे इंधनाची बरीचशी उष्णता मागच्या तोंडातून नुसती निघून जाते. उद्या झडप अमर झाली तरी हा हिशेब बदलणार नाही.

आता प्रश्न. साधारण ४ किलोचं, रेडिओवर उडणारं मॉडेल आणि २० न्यूटन थ्रस्टचं (पुढे ढकलण्याच्या जोराचं) इंजिन धरा. झडपवालं घ्यावं की बिनझडपेचं? पाकळ्या किती टिकतात आणि नेमक्या कशाने जातात? इंधन पेट्रोल की प्रोपेन? लालबुंद होणारी नळी विमानावर बसवायची कशी? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

नळीनाद

धागा उत्तम. आधी चक्र नीट मांडू या, म्हणजे पुढचे वाद कमी होतील.

स्फोट झाला की दाब वाढतो, पाकळ्या मिटतात, वायू मागे धावतो. टेलपाइपमधल्या वायूला वस्तुमान आहे, वेग आहे. तो बाहेर पडताना थोडा जास्तच बाहेर जातो आणि कक्षातला दाब वातावरणापेक्षा खाली येतो. याला कादेनासी परिणाम म्हणतात. त्या ओढीने पाकळ्या उघडतात, पुढून ताजी हवा आणि इंधन आत येतं. त्याच वेळी मागच्या तोंडातूनही थोडा वायू परत फिरतो आणि नव्या मिश्रणाला किंचित दाबतो. आत उरलेले तप्त वायू आणि ज्योतीचे अवशेष ते मिश्रण पेटवतात. म्हणून ठिणगीचा प्लग फक्त सुरुवातीला लागतो.

वारंवारतेचा ढोबळ हिशेब: एका टोकाला बंद नळी, म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. आतल्या वायूचं सरासरी तापमान १२०० केल्विन धरलं तर ध्वनीचा वेग सेकंदाला ६८० मीटरच्या आसपास येतो. व्ही-१ च्या अर्गस इंजिनाची नळी साडेतीन मीटर धरा: ६८० भागिले १४, म्हणजे ४८-४९ हर्ट्झ. प्रत्यक्षात ते ४५ च्या आसपास चालायचं.

पण हेच सूत्र ५५ सेंटिमीटरच्या मॉडेल इंजिनाला लावाल तर ३०९ येईल, आणि खरी वारंवारता २०० ते २५० असते. कारण तिथे टेलपाइपचा व्यास कक्षाच्या जवळजवळ निम्मा असतो. मोठा कक्ष आणि अरुंद मान अशी रचना सरळ नळीपेक्षा सावकाश कंप पावते. अर्गसमध्ये हा फरक कमी होता, म्हणून तिथे साधं सूत्र जुळतं.

पोलादपाती

पाकळ्यांबद्दल. मॉडेल इंजिनात ०.१५ मिमी जाडीची कडक केलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी चालते. पाकळ्या फुलासारख्या एकाच चकतीत कापलेल्या असतात. त्यांच्या मागे रिटेनर, म्हणजे वक्र पाठीची जाड चकती. पाकळी उघडते ती या वक्रावर टेकेपर्यंतच. रिटेनरची वक्रता हा झडपेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि नेमका त्याच्याकडेच लोक दुर्लक्ष करतात.

ताणाचं सूत्र सोपं आहे: लवचिकता गुणांक गुणिले जाडी, भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. ०.१५ मिमी जाडी आणि ४० मिमी त्रिज्येला ३७५ मेगापास्कल येतो. कडक पट्टीला हे सहज झेपतं. त्रिज्या २५ मिमी केली की ६००, म्हणजे धोक्याच्या सीमेवर. आणि "पाकळ्या तुटतात, जाड लावू" म्हणून त्याच ४० मिमीच्या रिटेनरवर ०.२५ मिमीची पट्टी लावली तर ६२५. जाड पाकळी लवकर तुटते, ती याच कारणाने. शिवाय जड पाकळी उशिरा मिटते, उलटी ज्वाळा पुढे येते आणि थ्रस्टही घटतो.

थकवा (वारंवार वाकून धातू तुटणं) हे मात्र मुख्य कारण नव्हे. २२० हर्ट्झने एक कोटी आवर्तनं व्हायला साडेबारा तास लागतात. पाकळ्या त्याच्या कितीतरी आधी जातात, कारण टोकं तापून पोलादाचं पाणी उतरतं (कडकपणा जातो) आणि मिटताना पट्टीचं टोक झडपेच्या तोंडावर आपटतं. आधी टोकाला निळसर-राखाडी रंग येतो, मग काठ उसवल्यासारखा होतो, मग बारीक तुकडे उडतात. काठ उसवलेला दिसला की संच बदलायचा, "अजून एक उड्डाण" करायचं नाही.

कापताना: कात्रीने कापलेल्या काठावर सूक्ष्म चिरा राहतात. रासायनिक खोदकामाने कापलेली पाकळी सगळ्यात चांगली. ते शक्य नसेल तर पट्ट्यांची चळत दोन जाड पत्र्यांमध्ये आवळून घासायची आणि शेवटी काठ तेलदगडावर लांबीच्या दिशेने गुळगुळीत करायचे. झडपेच्या चकतीचं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करायचं. पाकळी बसवल्यावर उजेडासमोर धरा. फट दिसली तर तिथूनच आग शिरेल.

गगनभेदी

व्ही-१ उतारावरून फेकावं लागायचं कारण पल्सजेट उभ्या जागी चालतच नाही, पुढून वारा लागतो, असं वाचलंय. मग मॉडेलला हातात धरून सुरू कसं करतात?

जुनीकागदपत्रं

@गगनभेदी, तो रॅमजेटचा (पुढून येणाऱ्या वाऱ्याच्याच दाबावर चालणाऱ्या इंजिनाचा) नियम पल्सजेटला चिकटलाय. अर्गस उभ्या जागी चालायचं. दाबाची हवा देऊन ते जमिनीवरच सुरू करत आणि मग उडवत. उतार आणि फेक लागायची ती वेगळ्या कारणाने: यंत्राचं वजन २१०० किलोच्या वर, पंख आखूड, आणि उभ्या जागचा थ्रस्ट साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलोन्यूटन. म्हणजे वजनाच्या जेमतेम आठव्या भागाएवढा. एवढ्यावर स्वतः धावून उडायला फार लांब धावपट्टी लागली असती. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम परमँगनेटच्या वाफेवर चालणारा वाल्टर कॅटापुल्ट, म्हणजे फेकयंत्र. पुढे हाइंकेल १११ विमानांखालूनही व्ही-१ सोडली गेली.

थोडा इतिहासही देतो. १९०० च्या दशकातच रशियन अभियंता कारावोदिन आणि फ्रान्समध्ये मार्कोने यांनी या तत्त्वावर काम केलं होतं. मार्कोनेची कल्पना तर बिनझडपेची होती. जर्मनीत म्युनिकच्या पाउल श्मिट यांनी नळीवर वर्षानुवर्षं काम केलं, अर्गस कंपनीत फ्रित्झ गोस्लाऊ यांच्या गटाने स्वतंत्रपणे सुरुवात केली आणि दोन्ही धागे एकत्र येऊन अर्गस ०१४ झालं. १९४१ मध्ये गोथा १४५ या दुपंखी विमानाला जोडून हे इंजिन पहिल्यांदा हवेत नेलं. लंडनवर पहिला मारा १३ जून १९४४ चा. अमेरिकेने त्याची नक्कल जेबी-२ म्हणून केली, इंजिन फोर्डने बनवलं. सोव्हिएत संघात चेलोमेई यांच्या हाताखाली १०एक्स तयार झालं.

गगनभेदी

धन्यवाद. तरी एक मुद्दा सोडत नाही: वेग वाढला की पुढून रॅम दाब मिळतो, म्हणजे वाऱ्याचा फायदा आहेच ना?

नळीनाद

फायदा आहे, ठरावीक वेगापर्यंत. पुढून दाब वाढला की भरणं सुधारतं आणि थ्रस्ट चढतो. पण फार वाढला तर पाकळ्या वेळेवर मिटत नाहीत, शिवाय आत घेतलेल्या हवेचं ओढीव बलही (मागे खेचणारा जोर) वेगासोबत वाढत जातं. ताशी ६००-७०० किमीच्या पुढे साध्या पाकळीझडपेचं गणित उतरणीला लागतं. उंचीवर हवा विरळ झाली की थ्रस्ट त्याच प्रमाणात घटतो. व्ही-१ हजार मीटरच्या खालूनच उडायचं, त्यात या इंजिनाच्या स्वभावाचाही भाग आहे.

यमनकल्याण

२२० हर्ट्झ म्हणजे पेटीवरची पांढरी सहा! झडपवालं मॉडेल इंजिन थेट षड्ज लावून बसतं म्हणायचं. तंबोरा लागणार नाही, कानात बोळे मात्र लागतील. :)

पोलादपाती

@यमनकल्याण, हा विनोद कामाचा आहे. कान तयार असेल तर सूर हे उत्तम मापन आहे. सुरुवातीला नळी थंड, ध्वनीचा वेग कमी, म्हणून सूर खाली. १०-१५ सेकंदांत नळी तापते आणि सूर चढून स्थिरावतो. स्थिरावल्यावर सूर डळमळू लागला किंवा त्यात खरखर आली तर एखादी पाकळी गेलीच. मोबाईलवर वारंवारता दाखवणारं कुठलंही ॲप यासाठी पुरतं, फक्त दुरून धरा.

बिनझडपी

आता दुसऱ्या पंथाची बाजू. झडपच नको, म्हणजे वरच्या अर्ध्या अडचणी गेल्या.

बिनझडपेच्या इंजिनात पुढची झडप काढून तिथे आखूड, अरुंद इनटेक (हवा आत घेणारी) नळी ठेवतात. स्फोटानंतर वायू दोन्हीकडून बाहेर पडतो. इनटेक आखूड असल्यामुळे तिच्यातला वायू लवकर थांबतो आणि ताजी हवा आधी तिथून आत येते. लांब टेलपाइपमधला वायू अजून बाहेरच धावत असतो. वेळेचा हा फरक हीच इथली झडप.

इनटेकमधून बाहेर पडणारा वायूही मोठा थ्रस्ट देतो, पण तो पुढे तोंड करून असेल तर उलटा. म्हणून लॉकवूड-हिलर रचनेत नळी यू आकारात वळवून दोन्ही तोंडं मागे केली. फ्रान्समध्ये स्नेक्मा कंपनीच्या एस्कोपेत इंजिनात इनटेकसमोर वळणदार नळी ठेवून तो झोत मागे वळवला होता. अशी चार इंजिनं १९५० च्या सुमारास एमुशे ग्लायडरला लावून उडवली गेली. तोंडामागे थोडी फट ठेवून फुगीर नळी, म्हणजे ऑगमेंटर, लावला तर उभ्या जागचा थ्रस्ट चांगलाच वाढतो, कारण धडकत येणारा झोत बाजूची हवा सलग झोतापेक्षा जास्त जोमाने ओढतो.

पोलादपाती

@बिनझडपी, जमिनीवर सगळं मान्य. विमानावर तीन अडचणी. एक, सारख्याच थ्रस्टला यू नळी लांब आणि जड होते, २० न्यूटनला झडपवालं अर्धा किलोच्या आत बसतं. दोन, यू आकार म्हणजे वाऱ्यासमोर लाल तापलेलं वळण, त्याचं ओढीव बल मोठं. तीन, ऑगमेंटरचा फायदा विमानाच्या वेगासोबत विरतो. ताशी २०० किमीला जाणाऱ्या मॉडेलवर तो बहुतेक नुसतं वजन ठरतो.

बिनझडपी

वजनाचं खरं, पण तुमचं अर्धा किलोवालं इंजिन थोड्याच उड्डाणांत उघडावं लागतं. पत्रा टिकेल तोवर माझं चालत राहतं. सरावाच्या ड्रोनवर जिथे रोज उडवायचंय तिथे हा फरक मोठा आहे. रशियाच्या एनिक्स कंपनीच्या ई९५ सारखी पल्सजेट लक्ष्य-ड्रोन वापरात आहेत, आणि अमेरिकेतही अलीकडे बिनझडपेच्या इंजिनावर ड्रोन उडालेत. कोपऱ्यात पडलेलं तंत्र नाही हे.

हवाहवाई

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

इंधनवाहिनी

इंधनाचं लिहितो, मॉडेल विमानात सगळ्यात जास्त त्रास तिथेच असतो.

२० न्यूटनच्या झडपवाल्या इंजिनाला पूर्ण जोरावर सेकंदाला साधारण २ ग्रॅम इंधन धरा, म्हणजे मिनिटाला १२० ग्रॅम. सहा मिनिटांच्या उड्डाणाला ७२० ग्रॅम, जवळजवळ एक लिटर पेट्रोल. ४ किलोच्या मॉडेलमध्ये हा सहावा भाग झाला आणि टाकीचं वजन वेगळं. तेवढ्याच थ्रस्टची छोटी टर्बाइन याच्या निम्म्यात भागवते. धागाकर्त्याचा दाबाचा मुद्दा इथे स्वच्छ दिसतो.

व्ही-१ चाही हिशेब करून बघा. ६२५ लिटरच्या आसपास पेट्रोल, २५० किमी, ताशी ६४०. म्हणजे १४०० सेकंदांत साधारण ४५५ किलो, सेकंदाला ०.३२५ किलो, उष्णतेत १४ मेगावॉटच्या वर. थ्रस्ट अडीच किलोन्यूटन धरला तर उपयोगी शक्ती ४४५ किलोवॉट. तीन टक्के!

पेट्रोल ओढून घेणाऱ्या इंजिनात टाकीतली पातळी जेटच्या (इंधन सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) एक-दोन सेंटिमीटर खाली असावी. जास्त खाली असेल तर उतरत्या टाकीसोबत मिश्रण पातळ होत जातं आणि अर्ध्या उड्डाणात इंजिन बंद. वर असेल तर सुरू होण्याआधीच कक्ष भरतो. टाकीचा श्वास (हवा आत घेणारं तोंड) पुढे तोंड करून ठेवा, म्हणजे वेगात इनटेकवर दाब वाढला तर टाकीवरही तेवढाच वाढेल. टाकी आडवी, अरुंद आणि जेटच्या शक्य तितकी जवळ. नाक वर केल्यावर इंजिन थांबत असेल तर कारण बहुतेक टाकीची जागा हेच असतं.

व्ही-१ मध्ये ही भानगड दाबाच्या हवेने सोडवली होती. तारेने गुंडाळलेल्या दोन गोल टाक्यांतली हवा इंधनाला ढकलायची. तरी शेवटी खाली झेपावताना इंधन तुटून इंजिन गप्प व्हायचं, ते मुद्दाम ठेवलेलं नव्हतं.

प्रोपेन: सुरू करायला सोपं, जमिनीवरच्या चाचणीला उत्तम. पण २ ग्रॅम प्रति सेकंद वायू काढायचा तर बाष्पीभवनाला ७०० ते ८०० वॉट उष्णता लागते. छोटा सिलिंडर ती बाहेरच्या हवेतून घेऊ शकत नाही. तो गोठतो, दाब पडतो, इंजिन विझतं. उपाय म्हणजे सिलिंडर कोमट पाण्यात ठेवणं. ज्वाळेने तापवणं कधीच नाही. विमानावर द्रव प्रोपेन घेऊन नळीभोवतीच्या वेटोळ्यात बाष्प करता येतं, पण वेटोळं फुटलं तर काय होईल याचा विचार आधी करा. मॉडेलला पेट्रोलच.

शंकासुर

रॉकेल, डिझेल का नाही?

इंधनवाहिनी

चालतं, पण बारीक फवारा हवा आणि थंड नळीत ते पेटत नाही. प्रोपेनवर सुरू करून मग बदलावं लागतं. एका छोट्या मॉडेलसाठी दोन इंधनव्यवस्था परवडत नाहीत.

जोडकाम

नळी आणि बसवणं.

कक्ष आणि टेलपाइपला ३०४ किंवा ३२१ स्टेनलेस, मॉडेलला ०.४ ते ०.५ मिमी. साधा पत्रा चाचणीपुरता ठीक, लाल तापमानाला त्याचे पापुद्रे निघतात आणि काही तासांत भोक पडतं. टिग वेल्डिंग, आतून आर्गॉन भरून. नाहीतर आतल्या बाजूला साखरेच्या दाण्यांसारखा खरबरीत थर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. कक्षातून टेलपाइपकडे जाणारा शंकू सगळ्यात जास्त तापतो, तिथे आडवा सांधा टाळा. दोन तुकड्यांच्या उभ्या शिवणी एका रेषेत येऊ देऊ नका, तापल्यावर नळी त्या बाजूला वाकते.

आता प्रसरण. ५५ सेंटिमीटर स्टेनलेस खोलीच्या तापमानावरून ८०० अंशांवर नेलं की ७ ते ८ मिमी लांब होतं. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर एकतर कंस तुटेल किंवा नळी धनुष्यासारखी वाकेल. पुढचं डोकं घट्ट, मागे सरकता आधार: नळीवर सैल कडं किंवा दोन्ही बाजूंना सरकणारी पट्टी. व्ही-१ वरही हीच पद्धत, पुढे काटा आणि मागे शेपटीच्या पंखावर आधार.

नळी विमानाच्या वर ठेवा, कातडीपासून किमान ४ ते ५ सेंटिमीटर उंच, मधे पातळ स्टेनलेस पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहती. ॲल्युमिनियमची फॉइल कातडीवर चिकटवू नका. ती उष्णता परावर्तित करते खरी, पण खालचा डिंक वितळून सुटते. शेपटी झोताच्या बाहेर. नियंत्रणाच्या तारा, सर्व्हो, रिसीव्हर सगळं नळीपासून दूर आणि रबरावर. २२० हर्ट्झचा कंप नट सैल करतो, बॅटरीच्या तारांचं सोल्डर तोडतो. प्रत्येक उड्डाणाआधी नट तपासा, लॉकनट वापरा. नटाच्या आट्यांवर लावायचा डिंक इंजिनाजवळ उष्णतेने उतरतो, तिथे तार बांधा.

जुनीकागदपत्रं

कंपावरून आठवलं, मेसरश्मिट ३२८ नेमकं याच कारणाने रुतलं. दोन अर्गस इंजिनं धडाजवळ, आणि आवाज-कंपाने रचनेचंच नुकसान होऊ लागलं. व्ही-१ वर इंजिन मागे आणि उंच आहे, धड एकदाच अर्ध्या तासापुरतं टिकायचं होतं. माणूस बसवून परत आणायचं विमान हे वेगळंच काम.

नळीनाद

दोन इंजिनांची आणखी एक भर: एक ४५ आणि दुसरं ४६ हर्ट्झवर असेल तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. हा संथ ठोका रचनेला एकसुरी कंपापेक्षा कधी कधी जास्त छळतो.

गगनभेदी

हेलिकॉप्टरच्या पात्याच्या टोकाला लावलं तर? शेपटीचा रोटर वाचेल.

जुनीकागदपत्रं

लावलं होतं. अमेरिकेत १९५२ मध्ये एक्सएच-२६ "जेट जीप" उडालं, पात्यांच्या टोकांना दोन पल्सजेट. इंजिन पात्यालाच ओढत असल्यामुळे धडावर उलटा पीळ येत नाही, मोठा शेपटी-रोटर लागत नाही. पण आवाज प्रचंड आणि इंधन फार. मालिका उत्पादन झालं नाही.

पोलादपाती

त्यात झडपेची कथा वेगळीच. टोकाचा वेग १५० मीटर प्रति सेकंद आणि त्रिज्या ४ मीटर धरा: साडेपाचशे जी (गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाचशे पट) पेक्षा जास्त. पाकळ्या आडव्या ढकलल्या जातात, इंधन कक्षाच्या बाहेरच्या भिंतीकडे पळतं, एकच बाजू जास्त तापते.

कर्णसखा

आवाजावर कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. जवळ उभं राहिलं तर १३० ते १४० डेसिबल. याला इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही लागतात. एकाने भागत नाही. सोबत उभ्या असलेल्यांनाही. कमी वारंवारतेचा भाग छातीत आणि कवटीतून जाणवतो, तो मफने अडत नाही, म्हणून चाचणी अर्धा-एक मिनिटाची आणि मधे विश्रांती.

बंद शेडमध्ये अजिबात नको. आवाज भिंतींवरून परत येतो, कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि मागच्या झोताने धूळ-कचरा पेटतो. पुढे-मागे सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलेली पाकळी पुढूनही उडू शकते. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी. गवत ओलं करून घ्या.

नळीनाद

लहान आकाराचा प्रश्न कुणी विचारेलच, म्हणून आत्ताच. नळी अर्धी केली की वारंवारता दुप्पट होते, पण पेट्रोलला मिसळून जळायला लागणारा वेळ अर्धा होत नाही. भिंतीतून जाणारी उष्णताही प्रमाणाने वाढते. म्हणून फार छोटं पेट्रोल पल्सजेट नुसतं फुसफुसतं. हायड्रोजन झटकन जळतो, त्यामुळे नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात ८ सेंटिमीटर लांबीचं बिनझडपेचं इंजिन त्यावर चालवलं गेलं.

थ्रस्टचा अंदाजही देऊन ठेवतो: चांगल्या जुळलेल्या झडपवाल्या इंजिनात टेलपाइपच्या दर चौरस सेंटिमीटर छेदाला २ ते २.५ न्यूटन. ३२ मिमी व्यास म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर, १६ ते २० न्यूटन. झडपेची उघडी जागा टेलपाइपच्या छेदाच्या निम्म्याजवळ ठेवा. खूप कमी असेल तर इंजिन गुदमरतं, खूप जास्त असेल तर सुरूच होत नाही.

शंकासुर

धागाकर्ते म्हणतात अडचण दाबाची. मग पल्स डेटोनेशन हा त्यावरचा उतारा नव्हे का?

नळीनाद

तत्त्वतः होय. साध्या पल्सजेटमध्ये ज्योत ध्वनीपेक्षा सावकाश पसरते, जळता जळताच वायू मागे निसटतो आणि दाब फार चढत नाही. डेटोनेशनमध्ये लाट ध्वनीपेक्षा वेगाने जाते, वायूला निसटायला वेळच मिळत नाही. ३१ जानेवारी २००८ ला अमेरिकेतल्या मोहावीत लाँग-ईझी विमान अशा चार नळ्यांच्या इंजिनावर उडालं, दहाएक सेकंद. पण इथे नळी स्वतःहून श्वास घेत नाही. दर फेरीला भरणं, पेटवणं, धुऊन काढणं हे झडपा आणि वेळेच्या नियंत्रणाने करावं लागतं. पल्सजेटचा साधेपणा तिथे संपतो.

वातचक्र (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या ४ किलोच्या मॉडेलसाठी झडपवालं, पेट्रोल, पुढे घट्ट मागे सरकतं, असं चित्र दिसतंय. सुरू आणि बंद करण्याची रीत, आणि सुरू न झाल्यास काय बघायचं, एवढं राहिलं.

इंधनवाहिनी

रीत अशी. विमान बांधून ठेवा, वाऱ्याकडे तोंड करून. प्लग चालू करा. दाबाची हवा जेटवरून आत सोडा. हवेच्या ओढीने पेट्रोल येतं. हळूहळू सुई (इंधन कमी-जास्त करणारी झडप) उघडा. आधी सुटे ठोके, मग ठोके जवळ येतात आणि एकदम सलग गर्जना. गर्जना लागली की हवा काढा, प्लग बंद करा, सुई अशी लावा की जोर शिखरावर येईल, मग किंचित इंधन वाढवा. हवेत मिश्रण पातळ होतं, ती जागा राखून ठेवायची.

न लागल्यास: मागून लांब पिवळी ज्वाळा आणि आवाज नाही, म्हणजे इंधन जास्त, सुई बंद, नळी हवेने पूर्ण धुवा, मगच पुन्हा प्लग. कोरडे टचटच ठोके, म्हणजे इंधन कमी किंवा जेटमध्ये कचरा. हवा देताना चालतं, काढली की मरतं, तर पाकळ्या गळताहेत किंवा टेलपाइप आखूड आहे. पुढून ज्वाळा दिसली तर लगेच बंद, पाकळी उघडी राहिली आहे.

बंद करताना आधी इंधन तोडा, मग लगेच पुढून १५-२० सेकंद हवा द्या. चालू असताना आत येणारी हवाच पाकळ्यांना थंड ठेवते. ती थांबली की लाल कक्षाची उष्णता सरळ त्यांच्यावर येते आणि पाणी उतरतं.

पोलादपाती

याला पूर्ण सहमती. पाकळ्यांचे जे संच लवकर जातात त्यातले पुष्कळ बंद करताना जातात, उडताना नाही.

आणि उडवण्याआधी बाकावर थ्रस्ट मोजा. इंजिन सरकत्या गाडीवर, समोर लोड सेल (जोर मोजणारं उपकरण), मधे रबराचा तुकडा. नाहीतर २२० हर्ट्झच्या धक्क्यांनी आकडा नाचत राहतो. ३० सेकंदांची सरासरी घ्या. नव्या पाकळ्यांचा आकडा लिहून ठेवा. तो दहा टक्क्यांनी खाली आला की डोकं उघडून बघायचं, आवाज ठीक वाटत असला तरी.